चार्जर कोणाचा, यापेक्षा चार्जर कसा

वऱ्हाडातील कास्तकाराच्या अवजारांची आज यादी केली, तर वखर, डवरे, तिफण आणि फवारणीचा पंप यांच्या जोडीला मोबाइल फोनचेही नाव घालावे लागेल. वावरात काय पेरले याची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या द्वारे कास्तकार स्वतःच फोनवरून करू लागला. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस निगमला हमीभावाने कापूस द्यावयाचा, तर 'कपास किसान' या अ‍ॅपवर नोंदणी करावी लागली. हवामानाचा सल्ला 'मेघदूत' देते, आणि वीज पडण्याचा इशारा पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' देते. सारांश, फोन ही आता चैनीची वस्तू राहिली नसून ते शेतीचे साधन झाले आहे.

या साधनाला बैलाप्रमाणे रोज वैरणपाणी लागते, आणि ते देणारा चार्जर फोनइतका काळ टिकतोच असे नाही. तो हरवतो, मोडतो, पाहुण्यांबरोबर जातो. शिवाय २०२० साली अ‍ॅपल कंपनीने नव्या फोनच्या खोक्यात चार्जर देणे बंद केले आणि पुढे इतर काही कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. त्यामुळे चार्जर निराळा विकत घेणे बहुतेक कुटुंबांना केव्हा ना केव्हा भाग पडते. तो आठवडी बाजारात पथारीवर मिळतो, बसस्थानकाजवळच्या टपरीवर मिळतो, अमरावती-अकोल्याच्या मोठ्या दुकानांत मिळतो आणि घरपोचही येतो. प्रश्न असा की, तो कोणता घ्यावा?

या प्रश्नावर गावोगाव दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, फोन ज्या कंपनीचा त्याच कंपनीचा चार्जर पाहिजे. दुसऱ्याचा लावला की फोन जळालाच म्हणून समजावे. दुसरे मत असे की, पिन बसली म्हणजे झाले. चार्जर तो चार्जर, त्यात काय पाहावयाचे? पहिल्या मताने गरीब माणसाच्या खिशाला विनाकारण भार पडतो आणि दुसऱ्याने त्याच्या घराला धोका संभवतो. वस्तुतः चार्जरवर नाव कोणाचे आहे हा प्रश्न गौण आहे. तो तपासलेला आहे काय, त्याचा कर्ता कोण हे सांगता येते काय, आणि तो कोठे व कसा वापरला जातो, हे प्रश्न खरे महत्त्वाचे आहेत.

कास्तकाराला ही गोष्ट नवी नाही. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी घेताना तो केवळ चित्र पाहून पैसे टाकीत नाही. प्रमाणित बियाणे असेल तर निळी खूणचिठ्ठी पाहतो, लॉट क्रमांक पाहतो, उगवणशक्तीचा आकडा वाचतो आणि पक्की पावती मागून घेतो. कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग कोणता, हेही तो पाहतो. बियाणे एकाच कंपनीचे असावे असा त्याचा आग्रह नसतो. ते बेनामी नसावे एवढाच असतो. हाच शहाणपणा चार्जरच्या खरेदीत मात्र घराबाहेर राहतो, हे आश्चर्य आहे.

चार्जर आत काय करतो हे समजले, म्हणजे या आग्रहाचे कारण ध्यानात येते. घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची असते. फोनला साधारणतः ५ व्होल्ट पुरतात, आणि जलद भरणाऱ्या फोनला ९ किंवा त्याहून काही अधिक. चार्जर प्रथम घरातील उलटसुलट वाहणारा प्रवाह एका दिशेने वाहणारा करतो. या वेळी त्याचा दाब ३०० व्होल्टांच्याही वर जातो. नंतर तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडून एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून नेला जातो आणि पलीकडे थोड्या दाबाची वीज मिळते. म्हणजे बोटभर डबीत दोन प्रांत असतात. एका प्रांतात प्राण घेणारी वीज आणि दुसऱ्यात हाताला न जाणवणारी. या दोहोंमधील बांध म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरील आवरण आणि पट्टीवर मुद्दाम मोकळे सोडलेले काही मिलिमीटरांचे अंतर. चांगल्या चार्जरचा हा बांध सुमारे ३,००० व्होल्टांचा दाब देऊन पारखला जातो.

अतिस्वस्त चार्जर बनविणारा पैसा वाचवितो तो नेमका याच बांधावर. आवरण एकेरी लावले, अंतर कमी ठेवले, जास्त प्रवाह झाल्यास तुटणारा फ्यूज गाळला, तरी बाहेरून काही दिसत नाही. फोनही चार्ज होतो. तळ्याचा बांध कच्चा असला तरी पाऊस येईपर्यंत तो पक्क्यासारखाच दिसतो, तशातला हा प्रकार आहे. एखाद्या दिवशी दाब वाढला, पावसाळ्यात ओल शिरली किंवा आतील आवरण उष्णतेने वितळले की २३० व्होल्टांची वीज केबलमधून थेट फोनमध्ये आणि फोन धरणाऱ्या हातात येते. तो हात ओला असेल आणि पाय अनवाणी जमिनीवर असतील, तर पुढचे सांगावयास नको.

ही भीती कल्पनेतील नाही. अमेरिकेतील यू. एल. या तपासणी संस्थेने २०१६ साली अ‍ॅपल कंपनीच्या चार्जरची नक्कल केलेले ४०० चार्जर निरनिराळ्या देशांतून जमवून तपासले. त्यांपैकी शेकडा ९९ विद्युत-आवरणाच्या कसोटीस उतरले नाहीत, आणि १२ तर माणसाला प्राणघातक झटका बसावा इतके सदोष निघाले. त्यापूर्वी २०१३ साली चीनमध्ये चार्जिंगला लावलेल्या फोनमुळे एका तरुणीचा मृत्यू झाल्याचे वृत्त गाजले. त्याच वर्षी अ‍ॅपलला नकली चार्जर परत घेऊन खरे सवलतीत देण्याची योजना काढावी लागली. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. यू. एल.ने तपासलेल्या नकली चार्जरांवर नाव मूळ कंपनीचेच होते. म्हणजे नाव पाहून विश्वास ठेवणाराच येथे फसला असता. उलट, स्वतःच्या नावाने उघडपणे चार्जर बनविणारी आणि तो तपासून घेणारी दुसरी कंपनी त्याहून केव्हाही बरी.

दुसऱ्या कंपनीचा चार्जर वापरण्यात मुळात काही वावगे नाही, हे आता जगाच्या कायद्यांनीही मानले आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या फोनना टाईप-सी हे एकच तोंड सक्तीचे केले. एका चार्जरवर घरातील सगळे फोन चालावेत आणि जुने चार्जर कचऱ्यात जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू. भारतीय मानक ब्यूरोनेही टाईप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले आहे.

मग तपासलेला चार्जर ओळखावा कसा? केंद्र सरकारने २०१२ साली विद्युत-उपकरणांच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. पुढे त्याच्या यादीत चार्जर आणि पॉवर बँक यांचाही समावेश झाला. त्यानुसार भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी झाल्यावाचून चार्जर विकता येत नाही. नोंदलेल्या चार्जरच्या अंगावर ब्यूरोची खूण, मानकाचा क्रमांक, उदाहरणार्थ आय. एस. १३२५२, आणि इंग्रजी 'आर' या अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक छापलेला असतो. अक्षर बारीक असते. चष्मा लावून किंवा घरातील शाळकरी मुलाकडून ते वाचून घ्यावे. खूण खोटीही छापता येते, म्हणून एक पाऊल पुढे जावे. ब्यूरोचे 'बीआयएस केअर' नावाचे अ‍ॅप विनामूल्य आहे. त्यात हा क्रमांक घातला की नोंदणी कोणाच्या नावे, कोणत्या वस्तूची आणि चालू आहे की नाही, हे दिसते. सोन्याच्या दागिन्यावरील हॉलमार्कचा क्रमांकही याच अ‍ॅपमध्ये पडताळता येतो. सोन्यासाठी जे साधन उपयोगी पडते ते घराच्या सुरक्षिततेसाठी वापरण्यास आळस करू नये.

क्रमांकाबरोबर आणखी चार गोष्टी पाहाव्यात. कर्त्याचे नाव व पत्ता स्पष्ट असावा. आत घेण्याचा दाब, बहुधा १०० ते २४० व्होल्ट, आणि बाहेर देण्याचा दाब व प्रवाह छापलेला असावा. पिना घट्ट व सरळ असून सॉकेटमध्ये हलत नसाव्यात. आणि पक्की पावती मिळावी. 'पावती पाहिजे तर भाव वेगळा' असे म्हणणाऱ्या दुकानदाराने आपल्या मालाविषयीचे मत स्वतःच सांगून टाकलेले असते.

अधिक वॅटचा चार्जर लावला तर फोनमध्ये जास्त वीज घुसून तो फुटेल, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. विहिरीत पाणी पुष्कळ असले म्हणून मोटार आपल्या शक्तीबाहेर उपसत नाही. त्याचप्रमाणे फोन आपल्याला पेलेल तेवढाच प्रवाह घेतो. टाईप-सीच्या नव्या पद्धतीत फोन आणि चार्जर प्रथम आपसांत ठरवितात आणि मगच ५ व्होल्टांच्या वरचा दाब सुरू होतो. बोलणे जुळले नाही तर फोन सावकाश भरतो, इतकेच. काही कंपन्यांची जलद भरण्याची पद्धत त्यांच्याच चार्जर व केबलवर चालते, म्हणून दुसऱ्या चार्जरवर फोन हळू भरला तर तो बिघडला असे मानू नये. मात्र केबलही चांगली पाहिजे. सोललेली, चिकटपट्टी गुंडाळलेली किंवा तोंडाशी तापणारी केबल चांगल्या चार्जरचाही घात करते.

फवारणीच्या पंपाची गोष्ट मात्र निराळी आहे. बॅटरीवर चालणाऱ्या पाठीवरच्या पंपाच्या चार्जरची पिन गोल असते. तो काहीही न विचारता आपला १२ व्होल्टांच्या बॅटरीचा दाब देत राहतो. विजेरी, रेडिओ आणि पंप यांची गोल तोंडे एकमेकांत बसतात म्हणून कोणताही चार्जर कशालाही लावण्याची सवय घरोघर आहे. ती मोडली पाहिजे. प्रत्येक चार्जरवर कोणत्या वस्तूचा आहे याची चिठ्ठी चिकटविण्यास काही खर्च येत नाही.

आता वऱ्हाडच्या परिस्थितीचा विचार केला पाहिजे. कारण शहरातील पक्क्या घरात जी चूक पचते ती येथे पचत नाही. वेचणीनंतर भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवण्याची रीत आहे. कित्येक घरांत निजण्याची खोली आणि कापसाची खोली एकच असते. त्याच गंजीवर फोन ठेवून रात्रभर चार्जिंगला लावला जातो. कापसाला एक ठिणगी पुरते. शिवाय आग गंजीच्या पोटात दबून राहते आणि वरून विझल्यासारखी वाटली तरी पुन्हा भडकते. वर्षाची कमाई, घर आणि निजलेली माणसे यांच्यापेक्षा कोणताही चार्जर स्वस्त नाही. म्हणून नियम एकच ठेवावा: ज्या खोलीत कापूस, कुटार किंवा तुराट्या आहेत त्या खोलीत काहीही चार्ज करू नये. गादी, उशी आणि गोधडी यांनाही हाच नियम लावावा. फोन आणि चार्जर फरशीवर, फळीवर किंवा भिंतीतील उघड्या कोनाड्यात ठेवावा, जेथे उष्णता निघून जाईल.

उन्हाळ्याचेही तसेच आहे. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा प्रशासनाला जमावबंदीचे कलम लावावे लागले. कित्येक उत्पादक आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यास सांगतात. लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करणे तिचे आयुष्य तोडण्यासारखे आहे. टिनाच्या घरात भर दुपारी किंवा ट्रॅक्टरच्या काचेपाशी उन्हात फोन चार्ज करण्याऐवजी पहाटे अथवा रात्री जेवणाच्या वेळी, माणसे जागी असताना करावा. फुगलेल्या बॅटरीचा फोन तर क्षणभरही चार्जरला लावू नये. ती बॅटरी टोचू नये, दाबू नये, चुलीत टाकू नये.

तिसरी गोष्ट विजेच्या पुरवठ्याची. गावातील लाइनची न्यूट्रल तार तुटली तर घरातील दाब एकाएकी फार वाढू शकतो. बल्ब नेहमीपेक्षा प्रखर दिसू लागले किंवा पंखा भलत्याच वेगाने फिरू लागला, तर मेन स्विच बंद करून महावितरणला कळवावे. रात्रीच्या ओलितासाठी वावरात गेलेले कास्तकार मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीतून उघड्या तारा काढून फोन चार्ज करतात. हा प्रकार जिवाशी खेळ आहे. त्या पेटीत दोन फेजांमध्ये ४०० व्होल्टांच्या आसपास दाब असतो. तेथे नोंदणीकृत चार्जरही टिकणार नाही, आणि हातपाय चिखलात असतात. सौर पंपाच्या पट्ट्यांवरूनही परस्पर वीज घेऊ नये, कारण ओळीने जोडलेल्या पट्ट्यांचा दाब शेकडो व्होल्टांपर्यंत जाऊ शकतो. वावरात फोन लागणारच असेल तर घरून भरून नेलेली, नोंदणी क्रमांक असलेली पॉवर बँक हा सोपा उपाय आहे. आकाशात गडगडाट सुरू झाला की चार्जर सॉकेटमधून काढून ठेवावा; नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

येथे कोणी म्हणेल की, हे सारे खरे, पण ज्याचा फोनच जुना आणि स्वस्त आहे त्याने महाग चार्जर घ्यावा, हे नाकापेक्षा मोती जड झाले. हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला उत्तर असे की, महाग चार्जर घ्या असे कोणीच म्हणत नाही. जलद भरणारा, अनेक तोंडांचा चार्जर साध्या फोनला नकोच. नोंदणी क्रमांक असलेला साधा चार्जर कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळू शकतो. पथारीवरचा चार्जर वरचेवर बदलावा लागला तर अखेरीस तोही स्वस्त पडत नाही. घरात चार बेनामी चार्जर असण्यापेक्षा एक नोंदलेला असावा आणि तो सर्वांनी आळीपाळीने वापरावा, हीच खरी काटकसर. जमल्यास घराच्या मुख्य फलकावर ३० मिलिअँपियरचे ई. एल. सी. बी. बसवून घ्यावे. वीज माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली की ते पुरवठा तोडते. त्याने चार्जरच नव्हे, तर कूलर, मिक्सर आणि घरातील पाण्याची मोटार यांपासूनही रक्षण होते.

तथापि सगळा भार कास्तकाराच्याच डोक्यावर ठेवणे न्यायाचे होणार नाही. नोंदणी नसलेला माल बाजारात येतो तो कोणीतरी आणतो आणि कोणीतरी विकतो म्हणून. ज्या दुकानदाराच्या दारी कास्तकार वर्षानुवर्षे विश्वासाने जातो, त्याने क्रमांक नसलेला चार्जर ठेवूच नये. फवारणीचे पंप विकणाऱ्या कृषी सेवा केंद्रांनी पंपाबरोबर त्याचाच योग्य चार्जर द्यावा आणि तो कशाला लावू नये हेही सांगावे. तपासणीचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांची पावले मोठ्या शहरांप्रमाणे दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, अंजनगाव सुर्जी येथील बाजारांतही पडली पाहिजेत. कारण गिऱ्हाईक जेथे कमी वाचते तेथेच बेनामी माल अधिक खपतो. शेतकरी गटांच्या आणि महिला बचत गटांच्या एखाद्या बैठकीत सर्वांनी आपापले चार्जर आणून क्रमांक पडताळले, तर अर्ध्या तासात गावातील धोक्याचे चार्जर निराळे काढता येतील.

सदोष माल गळ्यात पडल्यास मुकाट्याने बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. मात्र त्यासाठी पावती जपलेली पाहिजे. चार्जरला आग लागल्यास प्रथम मेन स्विच बंद करावा. वीज चालू असताना पाणी ओतू नये. फोन धरलेल्या माणसाला झटका बसत असेल तर त्याला हाताने ओढू नये. आधी वीज तोडावी.

बियाण्याच्या बाबतीत फसगत झाली तर एक हंगाम जातो. चार्जरच्या बाबतीत झाली तर पुढचे सर्व हंगाम जाऊ शकतात. दुकानात उभे असताना चार्जर उलटा करून 'आर' अक्षरापुढील आठ आकडे शोधण्यास मिनिटभर पुरते, आणि ते नसतील तर तो जागच्या जागी परत ठेवण्यास तेवढेही लागत नाही.